एका घावाची बाई

आमच्या गावात कुणाकडे बाप्तिस्मा असो, वाढदिवस असो की प्रार्थनेची पाळी असो, जनावर मारायची वेळ आली की एकच नाव निघतं. नोन्चे रुमेंगान. बाई धड पाच फूटही नाही. गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि सगळे उभे राहिले तरी स्तोत्रं बसूनच म्हणते. पण पेरूच्या लाकडाचं ते हातभर दांडकं तिच्या मुठीत आलं की ती एकच घाव घालते. दुसरा घालायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. आमचे बाप्ये चार-चार घाव घालतात, जनावर ओरडतं, पोरं रडतात, आणि वर हेच म्हणणार की मटण वातड निघालं. वातड निघणार नाही तर काय होणार!

मी बेर्ती, तिचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण आहे, आणि ते इतकं विरळ आहे की तिच्या कढईत मीठ कमी पडलं तर मला इकडे कळतं. बत्तीस वर्षं माझे रविवार तिच्या व्हरांड्यात गेले. त्यामुळे तिच्याविषयी बोलायचा हक्क आपल्याला आहे असं मी धरून चाललो होतो. त्या एका रविवारनंतर तसं वाटत नाही. तरी बोलतो.

हे काम तिला बापाकडून आलं. त्याला सात मुलीच, आणि ही थोरली. बापाने दांडकं दिलं तसे नियमही दिले. आमच्याकडे डुकरासारखं कुत्रंही खातात, पण घरचं कुत्रं घरी मारायचं नाही आणि घरी खायचं नाही. दुसऱ्या वाडीतल्या घराशी बदलून घ्यायचं, त्यांचं आपल्याकडे, आपलं त्यांच्याकडे. ज्याच्या घरातून निघालं त्यानेच त्याचं तोंड बांधून पोत्यात घालायचं आणि पोत्याची गाठ त्यानेच मारायची. वाटेत कुणी पोतं उघडायचं नाही. मारणाऱ्यानेही नाही, कारण डोळे बघितले की हात चळतो. हे इथे सगळेच पाळतात. नोन्चेचं स्वतःचं एक जास्तीचं होतं. दांडकं उचलायच्या आधी ती पोत्याशी वाकायची आणि हळूच म्हणायची, "रागावू नकोस हं, लेका." मग घाव.

"डुकरालाही लेकाच म्हणते ही," ओढ्यापलीकडच्या वाडीतला आमचा वेल्लम तिला चिडवायचा. "बरोबरच आहे म्हणा, तोंडवळा बेर्तीचाच असतो."

"बेर्तीला मारून काय मिळणार?" ती म्हणायची. "सगळी हाडं आणि तोंड."

तिचा नवरा मॅक्सी लवंगांच्या बागांवर मुकादम होता. दिवसा मजुरांवर ओरडायचा आणि घरी येऊन हिला मारायचा. एकोणीस वर्षं. कुंपण विरळ आहे हे मी वर सांगितलंच. मला सगळं ऐकू यायचं, आळीतल्या अकरा घरांना ऐकू यायचं. त्या वेळी आम्ही काय केलं ते सांगून टाकतो. आम्ही रेडिओ मोठा केला. नवराबायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा, असं एकमेकांना म्हणालो आणि रविवारी त्याच मॅक्सीच्या शेजारी बसून पेला पुढे केला. ज्या हाताने ती तीनशे किलोचा डुक्कर झोपवायची तो हात तिने नवऱ्यावर एकदाही उचलला नाही. तो ट्रकवरून पडून मेला त्यानंतर खूप वर्षांनी मी तिला विचारलं, का गं सोसलंस?

ती मिरच्यांची देठं काढत होती. म्हणाली, "उचलला असता तर एकच घातला असता रे. म्हणून नाही उचलला."

मुलगी एकच, फेबी. गेल्या वर्षी तिचं खालच्या आळीतल्या रोल्डीशी लग्न झालं. रोल्डी ताडमाडाएवढाल्या साखरी माडांवर चढून सागेर, म्हणजे आमची ताडी, उतरवतो, चढतोही असा की खालून बघणाऱ्याचे पाय थरथरावेत. देखणा पोरगा, चर्चमध्ये वरच्या पट्टीत गातो. त्याच्या गाठी तर प्रसिद्ध. झाडाच्या काळ्या काथ्याची दोरी तो स्वतः वळतो आणि दोनदा पीळ देऊन, टोक आत दडवून अशी गाठ मारतो की वादळात बांबूची नळी झाडावरून हलत नाही. पोरांना शिकवायचा नाही. म्हणायचा, ही गाठ माझ्याबरोबर पुरा.

लग्नात नोन्चेने लेकीला शिवणयंत्र दिलं, दोन उशा दिल्या आणि बेनो दिला. बेनो म्हणजे तिच्या अंगणातला तपकिरी कुत्रा, डावा कान अर्धा तुटलेला. कुत्रं कोण आहेर देतं, म्हणून सगळा मांडव हसला. रोल्डीही हसला. नोन्चे काही हसली नाही. बेनो त्या दिवसापासून फेबीच्या दारात झोपू लागला.

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी बेनोने रोल्डीच्या उजव्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रोल्डी फडकं बांधून व्हरांड्यात आला आणि म्हणाला, "कुत्रं फिरलंय आई तुमचं. मालकाला चावतं."

"चावलं तेव्हा तुझा हात कुठे होता?" नोन्चेने विचारलं.

"मनगटालाच लागलेला होता!" रोल्डी म्हणाला, आणि आम्ही सगळे खो खो हसलो. मीसुद्धा. चांगलं उत्तर होतं ते, काय करणार. नोन्चे त्याच्या मनगटाकडे बघत राहिली, मग उठून आत गेली.

आता तो रविवार. शुक्रवारपासून पाऊस लागून राहिला होता, पत्र्यावर एकसारखा. सरोवर दिसत नव्हतं, डोंगर दिसत नव्हता, समोरच्या घरातली म्हातारी तेवढी खिडकीत दिसत होती, तीही पुसट. असा रविवार मला मनापासून आवडतो. कुणी शेतावर बोलावत नाही. चर्च सुटलं की ओले बूट दाराशी काढायचे, नोन्चेच्या मांजराला खुर्चीवरून हाकलायचं आणि बसायचं. त्या दिवशी आळीच्या प्रार्थनेची पाळी तिच्या घरी होती, दुपारी तीनला. पंचवीस माणसं जेवणार. आठवड्याभरापूर्वीच ठरलं होतं, वेल्लमच्या घरचा काळा कुत्रा हिच्याकडे, हिचा पट्ट्यापट्ट्याचा त्याच्याकडे. पट्ट्यापट्ट्याचा गुरुवारीच गेला होता. काळ्याला आणायचं राहिलं होतं.

चर्चमध्ये फेबी एकटीच आली, शेवटच्या बाकावर आईशेजारी बसली. एका गालावर पावडर दुसऱ्यापेक्षा जास्त होती. मी बघितलं आणि स्तोत्राच्या पुस्तकात डोकं घातलं. जुनी सवय.

चर्चमधून बाहेर पडताना छत्रीखाली ती आईला म्हणाली, "बेनो काल संध्याकाळपासून नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"रोल्डी म्हणतो, कुत्रीच्या मागे गेला असेल. मी गोठ्यापर्यंत जाऊन आले, हाका मारल्या. तो इतका वेळ कधी जात नाही, आई."

नोन्चे चालायची थांबली. मागची माणसं तिला चुकवून जाऊ लागली. "आणि हे गालावर?"

"दार लागलं."

"दार," नोन्चे म्हणाली. मग घरी पोचेपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला तिने विचारलं, बेनो दिसला का? अर्ध्या कानाचा, तपकिरी? कुणाला दिसला नव्हता. अंगणात आल्यावर लेकीला म्हणाली, "प्रार्थना आटपू दे. बेनो सापडला नाही तर आज मी तुझ्या दारात झोपणार. गुडघे गेले खड्ड्यात."

यात कोड्यासारखं काही नव्हतं. त्या घरात फेबी आणि रोल्डीचा हात यांच्या मध्ये बेनोशिवाय कुणी नव्हतं. नोन्चेला ते माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

पण पंचवीस माणसं जेवायची होती. तिने कामं वाटली. फेबीला कांदे आणि लसूण, शेजारच्या योस तांताला (वडीलधाऱ्या बाईला आम्ही तांता म्हणतो, बाप्याला ओम) मिरच्या कुटायला, आणि मला हुकूम, "बेर्ती, बूड उचल आणि वेल्लमकडून पोतं घेऊन ये. वाटेत बेनो दिसतो का ते बघ."

"पाऊस बघितलास का?"

"बघितला. विरघळण्यासारखं काय आहे तुझ्यात?"

गेलो. ओढा भरून वाहत होता, बांबूच्या साकवावर पाय ठरत नव्हता. वेल्लमच्या ओटीवर पोतं तयार होतं, आडव्या वाशाला टेकवून ठेवलेलं.

"काळा नाही हा," वेल्लम म्हणाला. "काळा द्यायचा म्हटल्यावर बायको रडायला लागली, नातवाचा लाडका आहे म्हणे. नशीब बघ, काल दिवेलागणीला एकजण आला, म्हणाला माझं घे, बदल्यात पट्ट्यापट्ट्याचा दे. दिला. हे चांगलं भरलेलं आहे, उचलून बघ."

बदललेलं पुन्हा बदलायला आमच्याकडे हरकत नसते. कोण आला होता ते मी विचारलं नाही. विचारायची पद्धत नाही, आणि गाठ ज्याची त्याने मारलेली असते, तेवढं पुरतं. पोतं खांद्यावर टाकलं आणि निघालो. तपकिरी, अर्ध्या कानाचा बेनो दिसतो का म्हणून झुडपांत बघत, हाका मारत चाललो होतो. हे लिहिताना लाज वाटते. "बेनोऽ, बेनोऽ," अशी मी हाक मारली की पाठीवरचं पोतं थडथड हलायचं. मला वाटलं, सुटायला धडपडतंय. साकवावर ते असं हललं की माझा पाय घसरला, गुडघा बांबूवर आपटला. मग मला राग आला. मी पोतं खाली ठेवलं आणि त्याला दोन बुक्क्या घातल्या, चांगल्या जोरात, फासळ्या हाताला लागल्या. "गप, भाड्या," म्हटलं. ते गप्प झालं.

मी परत आलो तेव्हा रोल्डी व्हरांड्यात बसलेला होता. ताज्या सागेरची बांबूची नळी घेऊन आला होता, सगळ्यांना पेले भरून देत होता. मनगटावर फडकं अजून होतं, कमरेला झाडावरचा कोयता. मांजर त्याच्या मांडीवर.

"या ओम बेर्ती, भिजलात की!" तो म्हणाला. "आणलंत का? आई, आज पहिलं ताट माझं. सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

"सकाळी चर्चला का नाही आलास?" योस तांताने विचारलं.

"झाडं रविवार पाळत नाहीत, तांता. नळी भरली की उतरवावीच लागते."

"आणि बेनो?" नोन्चेने आतून विचारलं.

"येईल हो. कुत्र्याची जात, भूक लागली की येतं." त्याने माझ्या खांद्यावरच्या पोत्याकडे बघितलं आणि पेला तोंडाला लावला. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता त्याचं ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मागच्या अंगणात पत्र्याची पडवी आहे, तिथे एक लाकडी ओंडका आहे आणि शेजारी चूल. चुलीवर पाणी उकळत होतं. मी पोतं ओंडक्यावर ठेवलं. नोन्चे दांडकं घेऊन आली, झग्याला पुसून हात कोरडे केले, मूठ घट्ट केली. रोल्डी पेला घेऊन पडवीच्या खांबाला टेकला होता. एरवी तो कधी बघायला यायचा नाही.

नोन्चेने पोत्यावरून हात फिरवला, डोकं कुठे आहे ते चाचपलं. डाव्या हाताने जागा धरली आणि उजव्याने दांडकं वर उचललं. मग वाकून नेहमीसारखं म्हणाली, "रागावू नकोस हं, लेका."

पोत्यात शेपूट हलली. धडपड नव्हती ती. थप, थप, थप, असा ओंडक्यावर आवाज येत होता. दारात मालकीण आली की कुत्रं जमिनीवर शेपूट आपटतं तसा. आतलं डोकं तिच्या आवाजाकडे वळलं.

दांडकं तोवर खाली यायला लागलं होतं. आयुष्यभर एकाच वेगाने खाली आलेला हात असा मध्ये थांबत नाही. तिने तो नुसता वळवला. घाव डोक्यावर बसायचा तो मागच्या पायावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ पोत्यातून जो आवाज निघाला तो बांधलेल्या तोंडातून निघाला होता, बारीक, नाकातून, थांबायलाच तयार नाही असा. मी कान दाबून धरले. बत्तीस वर्षांत तिच्या पडवीत असा आवाज झाला नव्हता.

"आई, आज नेम चुकला की," रोल्डी म्हणाला. "आणखी एक घाला. लवकर घाला, तडफडतंय बिचारं."

नोन्चे त्याच्याकडे बघत नव्हती, ती गाठीकडे बघत होती. काळ्या काथ्याची दोरी, दोनदा पीळ, टोक आत दडवलेलं. मी पोतं वेल्लमच्या ओटीपासून इथपर्यंत ती गाठ मुठीत धरून आणलं होतं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. पोत्याकडे बघायचं नसतं, म्हणून मी गाठीकडेही बघितलं नव्हतं.

ती गाठ सोडवायच्या फंदात पडली नाही. सुरीने पोतं उभं चिरलं. तपकिरी अंग, डावा कान अर्धा. जबड्याला सुतळी, ती मांसात रुतलेली. मागचा उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला. बेनोने मान उचलून तिच्याकडे बघितलं आणि ओंडक्यावर शेपूट आपटली. तिने त्याचा पाय मोडला होता आणि तो तिला बघून शेपूट हलवत होता.

"फेबी," नोन्चेने हाक मारली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बाहेर ये."

फेबी कांद्याच्या हातांनी आली, बघितलं आणि किंचाळून ओंडक्याकडे धावली. रोल्डीने मध्येच तिचा दंड पकडला.

"आत जा."

"तू मला म्हणालास कुत्रीमागे गेला!"

"आत जा म्हणतोय ना." मग तो नोन्चेकडे वळला, हसला, आमच्याकडे बघून हसला, सगळे हसतील या हिशेबाने. "काय बघताय? चावरं कुत्रं होतं, बदलून टाकलं. रीतीप्रमाणे टाकलं, दुसऱ्या वाडीत दिलं. ते फिरून तुमच्याच घरी आलं याला मी काय करू?"

"वेल्लमचा कुत्रा आज माझ्याकडे येणार हे तुला कुणी सांगितलं होतं?" नोन्चेने विचारलं.

फेबीच बोलली, रडत, "मी सांगितलं. बुधवारी जेवताना मीच सांगितलं."

"तू बोलायचंच नाही मध्ये," रोल्डी म्हणाला आणि त्याने तिच्या कानाखाली दिली. आमच्या सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. ती चुलीपाशी पडली, कोपर निखाऱ्यांवर टेकलं, केस पावडरीच्या गालावर चिकटले. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला. आणि बेनो, तीन पायांवर, तोंड बांधलेलं, ओंडक्यावरून खाली पडला आणि घसटत त्या हाताकडे निघाला. चावायला तोंडही मोकळं नव्हतं त्याचं.

नोन्चे दोन पावलं पुढे गेली. यावेळी ती रागावू नकोस वगैरे काही म्हणाली नाही. दांडकं वर गेलं, खाली आलं, रोल्डीच्या उजव्या हाताच्या कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मध्ये. मगाशी झाला तसाच आवाज झाला. मी खोटं सांगणार नाही, मला बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रोल्डी गुडघ्यांवर आला. त्याच्या तोंडातून शिव्या फुटल्या, तिच्या आईपासून आजीपर्यंत. डाव्या हाताने तो कमरेचा कोयता चाचपायला लागला. कोयता निघाला, फिरला, नोन्चेच्या झग्याची कड फाटली. माझे पाय नेहमीसारखे जमिनीला चिकटले होते. कसे सुटले ते देव जाणे. मी त्याच्या डाव्या मनगटावर पाय ठेवला, सगळं वजन दिलं आणि कोयता सुटून चिखलात पडेपर्यंत उचलला नाही. तो माझ्या पोटरीला चावला. तरी उचलला नाही.

नोन्चेने कोयता उचलून विहिरीत टाकला. मग माझ्याकडे बघितलं.

"बत्तीस वर्षांनी पाय हलला तुझा, बेर्ती," ती म्हणाली. यात कौतुक नव्हतं.

हाड बसवायचं तिला येतं. ज्याला हाड कुठे मोडतं ते ठाऊक आहे त्याला ते बसवता आलंच पाहिजे, असं तिचा बाप म्हणायचा. पण आधी तिने फेबीचं कोपर थंड पाण्यात धरलं, त्यावर कोरफड चोळली. मग बेनोच्या तोंडाची सुतळी कापली. त्याला मांडीवर घेतलं, बांबूच्या दोन कांब्या तासल्या, पाय ओढून सरळ केला. ओढताना तो तिच्या हातावर दात टेकवून किंचाळला, पण चावला नाही. कांब्या बांधायला तिने इकडेतिकडे बघितलं आणि पोत्याची ती काळी काथ्याची दोरी उचलली. चांगली दोरी होती, वाया कशाला घालवा. तेवढा वेळ रोल्डी पडवीच्या बाहेर पावसात पडून होता, हात छातीशी धरून ओरडत होता, आई, आई म्हणत होता. कोणत्या आईला ते कळलं नाही.

"थांब रे," नोन्चे त्याला म्हणाली. "तुझा नंबर नंतर."

त्याचा नंबर आला तेव्हा तिने त्याचा हातही तितक्याच नीटपणे बसवला. मी धरून ठेवला होता. कांब्या बांधून झाल्यावर ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, दुखऱ्या गुडघ्यांवर.

"हाड जुळेल. दोन महिने झाडावर चढू नकोस. फेबी माझ्याकडे राहणार. शिवणयंत्र आणि उशा बेर्ती उद्या घेऊन येईल. तू पुन्हा या फाटकातून आत यायचं नाहीस. आणि आलासच तर पोत्यात ये. म्हणजे मला तोंड बघावं लागणार नाही."

ती ओरडून बोलली नाही. रोल्डीने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचं ओरडणं थांबलं. मग तो उठला आणि पावसातून निघून गेला. कुणी छत्री दिली नाही.

तीन वाजता माणसं प्रार्थनेला आली, बूट काढून चटयांवर बसली. घरात मटणाचा वास नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. नोन्चेने मागची खुर्ची घेतली आणि झालेलं सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. पावडरीपासून नाही, मॅक्सीपासून. एकोणीस वर्षं कोणत्या कोणत्या घरात रेडिओ लागायचा तेही सांगितलं, घरांची नावं घेऊन. माझंही घेतलं. कुणी खाली बघितलं, कुणी मांजराकडे. मग ती म्हणाली, "बावन्नावं स्तोत्र घ्या," आणि आम्ही ते घेतलं, फार वाईट गायलो. जेवायला भोपळ्याची पेज आणि धुरावलेला मासा होता. दोघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तिने त्यानंतर दांडकं हातात घेतलेलं नाही. लोक बोलवायला येतात, ती म्हणते नेम गेला माझा. कुणाला ते खरं वाटत नाही. रोल्डीला विचारा, असं वेल्लम म्हणतो, पण हसत नाही.

फेबीने पुढच्या खोलीत शिवणकाम सुरू केलंय. बेनो तिच्या दारात झोपतो. पाय जुळला, पण वाकडा जुळला, तीनच पायांवर चालतो. सकाळी मी फाटक उघडलं की तो कुंपणाच्या फटीतून लंगडत माझ्याकडे येतो. त्याला सगळं आठवत असणार, माझा आवाज, साकव, बुक्क्या. तरी माझ्या पायाशी बसतो आणि जमिनीवर शेपूट आपटतो, थप, थप, थप. मी त्याला भाकरीचा तुकडा देतो आणि पटकन आत जातो. मला तो आवाज ऐकवत नाही.